सवतीच्या गळ्यातली गाठ

आमच्या भावजींना गिऱ्हाइकं ‘अर्धा इंच’ म्हणतात. पाठीमागे म्हणतात आणि तोंडावरही म्हणतात, भावजींना त्याचं सोयरसुतक नाही. त्यांच्या टेपचं पितळी टोक चौदा वर्षांपूर्वी तुटलं आणि पहिला अर्धा इंच त्याच्याबरोबर गेला. दुसऱ्या कुठल्याही शिंप्याने नवी टेप घेतली असती. भावजींनी अर्धा इंच वजा करायला सुरुवात केली. छाती साडेअडतीस भरली की वहीत अडतीस. माझ्या ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, दोनदा नवी टेप आणून दिली, ती ड्रॉवरमध्ये गुंडाळी होऊन पडली आहे. हट्टी माणूस. पण चौदा वर्षांत एक कपडा बिघडला नाही, हेही सांगायला हवं.

मी त्यांची मेव्हणी. दुकानातली काजं-बटणं आणि हातशिलाई माझ्याकडे. तिसरी व्यक्ती म्हणजे खिडकीपाशी फिरत्या दांड्यावर उभी असलेली, बिनडोक्याची, कापडी पुतळी. लग्नाच्या पहिल्या वर्षी भावजींनी कापूस भरून ती हुबेहूब ताईच्या मापाची केली. ताई जाड झाली की तिच्यात कापूस भरायचा, ताई उतरली की काढायचा. ताई तिला ‘सवत’ म्हणते. “बोलत नाही, मागत नाही, दिवसभर नवऱ्यासमोर उभी. मला कोण विचारतंय?” असं म्हणून हसायची.

या वर्षी ताईला बंद गळ्याचा कोट हवा होता. भावजींनी तेरा इंचाची कॉलर बेतली, आणि वरचं बटण लागेना. त्यांनी टेप टाकली. अर्धा वजा करून साडेतेरा. बोट फिरवलं तर गळ्याच्या डाव्या बाजूला वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. डॉक्टरांना काखेतही एक गाठ सापडली. लिम्फोमाचा संशय आहे, म्हणाले, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. काखेतली गाठ काढून तपासायला पाठवली. रिपोर्टला दहा दिवस.

त्या दहा दिवसांत आमच्या घरात अळीमिळी गुपचिळी होती. दुकानाच्या वरच त्यांचं घर. भावजी रोज सकाळी कोटाच्या निमित्ताने ताईचा गळा मापायचे. ती विचारायची, “किती?” ते म्हणायचे, “आहे तेवढाच.” आणि वही मिटायचे.

तिसऱ्या दिवशी दुकानात शिरले आणि माझा पाय उंबऱ्यातच अडखळला. सवतीच्या गळ्याला, डाव्या बाजूला, कापडाखाली फुगवटा होता. ताईला होता तिथेच. भावजी मान खाली घालून मशीन चालवत होते. मी काजं घेऊन बसले. सहाव्या दिवशी तो फुगवटा चांगलाच मोठा झाला. वाटाण्याचा अक्रोड झाला म्हणा.

मला ते बघवेना. दुपारी जेवायला घरी जाताना मी सवतीचं तोंड, म्हणजे जिथे तोंड असायला हवं ती बाजू, भिंतीकडे वळवली. तासाभराने परत आले तर ती दाराकडे बघत उभी. भावजी मागच्या खोलीत घोरत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणून मी स्वतःलाच दटावलं. आठव्या दिवशी जेवून परत आल्यावर धीर करून त्या फुगवट्याला हात लावला. कापूस उबदार होता. ऊन पडत नाही त्या बाजूला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि मी तशीच मागे जाऊन भावजींना उठवलं.

“ही गाठ काय म्हणून घातलीत?”

ते उठून बसले. “माप बदललं की सवतीचं बदलायचं, हा नियम आहे.”

“मग रोज मोठी का होतेय?”

“रोज नाही. एकदाच झाली.” त्यांचा आवाज फाटला. “सहा दिवसांत अर्धा इंच, मेव्हणीबाई. अर्धा इंच! रिपोर्ट येईपर्यंत काय राहील?”

मी वही ओढून घेतली. साडेतेरा, साडेतेरा, मग एकदम चौदा, आणि पुढे चौदाच. मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे. ड्रॉवरमधली नवी टेप काढून दोन्ही शेजारी ठेवल्या.

“भावजी, वजा केलंत का?”

चौदा वर्षं झोपेतसुद्धा वजा करणारा माणूस बायकोच्या गळ्यापाशी आल्यावर विसरला होता. ते हसले आणि लगेच रडले, मग सवतीच्या गळ्यातला निम्मा कापूस ओढून काढला. गाठ होती तेवढीच होती. वाढली नव्हती. मला तेवढंही पुष्कळ वाटलं. दोघांनी ठरवलं, ताईला यातलं काही कळायला नको.

दहाव्या दिवशी सकाळी ताई जिन्यावरून गुणगुणत उतरली. कानात मोत्यांच्या कुड्या. “चला हो, आणू तो रिपोर्ट,” असं म्हणाली, जणू धुलाईचे कपडे आणायचेत. तिला इतकं हलकं वाटायला काय झालं, ते आम्हाला कळेना.

ते दोघं गेल्यावर मी आणि सवत समोरासमोर बसलो. एक काज मी तीनदा उसवलं. चार वाजता दार उघडलं. भावजींचा चेहरा बघूनच मला कळलं.

ताई सरळ सवतीकडे गेली. सवयीच्या हाताने दांडा फिरवून तिला आपल्याकडे वळवलं, गळ्यावरच्या फुगवट्यावर तळहात ठेवला आणि तशीच उभी राहिली. माझ्या डोक्यात लख्ख झालं.

“तू येत होतीस?”

“रोज. तू जेवायला गेलीस आणि हे झोपले की.” ती आमच्याकडे बघत नव्हती. “तुम्ही दोघं सांगत नव्हता, मग हिलाच विचारायचे. तीन दिवस वाटलं, आता संपलं. काल बघते तर हिची कमी झालेली. म्हटलं, माझीही झाली असेल.” तिने नाक ओढलं. “तोच निघाला गं. लिम्फोमा. सहा महिने औषधं देणार आहेत. बरा होणाऱ्यातला आहे, असं म्हणालेत.”

भावजी मटकन स्टुलावर बसले. “मी वजा करायचं विसरलो होतो,” एवढंच म्हणाले. बायकोला तीन दिवस आपण मरण दाखवलं आणि मग खोटी आशाही दाखवली, हे त्यांच्या तोंडावर उमटत गेलं. मलाही तोंड लपवावंसं वाटत होतं. गप्प राहण्यात मीही होतेच की.

“यापुढे किती विचारलं की किती ते सांगायचं,” ताई म्हणाली. “माप माझं आहे.”

“आता घेऊ?” भावजींनी विचारलं. ते ड्रॉवर उघडून नवी टेप शोधायला लागले. गुंडाळी काही सुटेना. ताईने त्यांच्या हातातून टेप काढून घेतली, कातरीशेजारी ठेवली, आणि बिनकॉलरचा कोट खुंटीवरून काढून त्यांच्या मांडीवर टाकला.

“माप नको. पुढच्या थंडीत घालायचाय. कॉलर तेराचीच लावा.”

बिनमापाचा रुमालही न शिवणाऱ्या माझ्या भावजींनी खडू उचलला, आणि तेरावर खूण केली.