बोम्पूला लागलेला लाल टॅग

सदाशिव बिराजदारला धक्का बसला की त्याचा उजवा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो. इतर माणसांचा हात अशा वेळी छातीवर जातो. सदाशिवच्याही छातीवरच जातो म्हणा, पण काळीज शोधायला नव्हे, लाल टॅग शोधायला.

चाकणच्या एका कंपनीत तो क्वालिटी विभागात आहे. तिथे नको असलेल्या, बिघडलेल्या आणि उगाच जागा अडवणाऱ्या वस्तूला लाल टॅग लावतात. त्यावर वस्तूचं नाव, कारण आणि पुढे काय करायचं ते लिहितात. ठरलेल्या मुदतीत कुणी ती वस्तू मागितली नाही तर ती भंगारात जाते. पद्धत चांगली आहे. फक्त ती कंपनीच्या गेटच्या आत राहायला हवी होती. सदाशिव ती खिशात घालून मोशीला, आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला.

त्याच्या घरात लाल टॅग लागलेली वस्तू बाल्कनीच्या कोपऱ्यात जाते. रविवारपर्यंत कुणी उचलली तर ठीक, नाही तर भंगारवाल्याकडे रवाना. मिक्सरचं झाकण नसलेलं भांडं असंच गेलं. मी विसरलेली छत्रीही गेली. एकदा मी त्याच्या सोफ्यावर जरा जास्त वेळ बसलो, तर घरी गेल्यावर बायकोने माझ्या पाठीवरून टॅग सोडवला. ‘कारण: जागा अडवतो.’ ती तो पुन्हा लावायच्या बेतात होती.

हा मूळचा उदगीरकडचा. आयटीआय करून एक पिशवी घेऊन भोसरीत उतरला आणि एका खोलीत आठ जणांबरोबर झोपायला शिकला. मग कंत्राटावर राहिला, ट्रेनी राहिला. दर काही महिन्यांनी कंपनी त्याला ‘ब्रेक’ द्यायची, म्हणजे घरी बसवायची, आणि मनात आलं तर परत बोलवायची. अशी कैक वर्षं काढून तो परमनंट झाला. त्या दिवशी त्याने पेढे असे वाटले की बाहेरच्या माणसाला वाटावं, मुलगा झाला. वर्षभराने मुलगी झाली, दिव्या. तेव्हाही पेढे वाटले, पण आधीच्या पेढ्यांना जास्त खवा होता असं त्याची बायको मिनल अजून ऐकवते.

ही दिव्या आता चौथीत आहे आणि तिला एका कार्टूनचं वेड आहे. जपानमध्ये बनलेलं, हिंदीत बोलणारं, वीसेक वर्षं अखंड चाललेलं. त्यात रिकू नावाचा एक पोरगा गावोगाव हिंडतो आणि त्याने पाळलेले अजब प्राणी दुसऱ्यांच्या अजब प्राण्यांशी लढवतो. सदाशिवची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे तीन आठवड्यांतून एकदाच, फर्स्ट शिफ्ट असते तेव्हा, तो संध्याकाळी टीव्हीसमोर सापडतो. पहिल्यांदा त्याने ते कार्टून पाहिलं त्या दिवशी दार न वाजवताच तो माझ्याकडे घुसला.

“राव, वीस वर्षं झाली आणि तो पोरगा अजून दहा वर्षांचाच आहे!”

“कार्टून आहे ते, सदाशिव.”

“वय जाऊ द्या हो. वीस वर्षं झाली आणि अजून ट्रेनीच आहे!”

हा पहिला धक्का. दुसरा धक्का रिकूच्या प्राण्यांचा. त्याच्याकडे एक आगीचा कोल्हा आहे, तो कामाचा. पण बाकीचा माल पाहून सदाशिवची झोप उडाली. पिहोरी नावाच्या पक्ष्याला उंचीची भीती वाटते. दोरोका नावाचा गेंड्यासारखा एक जण ऐन लढाईत झोपतो. आणि या सगळ्यांचा शिरोमणी बोम्पू! कासव आणि भोपळा यांची सोयरीक जुळून जे काही होईल तसा हा प्राणी दिसतो. लढताना तो गाल फुगवतो, पोट ढोलासारखं ताणतो, सगळं मैदान श्वास रोखून बघतं आणि मग त्याला उचकी लागते. झालं, संपला हल्ला. इतक्या वर्षांत तो एकदाच जिंकला, तेही समोरच्याचं पोट दुखत होतं म्हणून.

आणि हा बोम्पूच दिव्याचा जीव की प्राण.

मधल्या दोन आठवड्यांत काय झालं ते दिव्या बापाला सांगायची. कंपनीत शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला काम समजावून देतात, त्याला हँडओव्हर म्हणतात. बापलेकीचाही रीतसर हँडओव्हर चालायचा.

“सोमवारी बोम्पू हरला. मंगळवारी बोम्पू झाडावर अडकला. बुधवारी लढलाच नाही, म्हणून हरला नाही.”

“आणि तरी त्याला ठेवलाय?”

“ठेवलाय म्हणजे? बोम्पू आहे तो.”

“अगं पण तो काम काय करतो?”

“बोम्पूचं.”

या उत्तरावर सदाशिव हबकून माझ्याकडे बघायचा, जणू मी रिकूचा मॅनेजर आहे. मग तो कंपनीतल्यासारखा शोध घ्यायचा. बोम्पू का हरला? उचकी लागली. उचकी का लागली? घाबरला. का घाबरला? समोर राक्षस होता. समोर राक्षस का होता? कार्टूनच राक्षसांचं आहे. म्हणजे मूळ कारण सापडलं: कार्टून. हे ऐकून दिव्या खो खो हसायची, आणि ती हसली की हा गंभीर चेहऱ्याचा माणूस हळूच खूश व्हायचा. या घरात बापलेकीचं जे काही बोलणं होतं ते एवढंच, आणि ते सगळं बोम्पूच्या पराभवांवर उभं होतं.

दिव्याकडे बोम्पूची एक कापडी बाहुलीही होती. तिचा एक डोळा पडला तेव्हा मिनलने तिथे सदाशिवच्या युनिफॉर्मचं निळं बटण शिवलं होतं. एक डोळा काळा, एक निळा. त्यामुळे बोम्पू सतत कशाचा तरी धसका घेतल्यासारखा दिसायचा.

नवरात्राच्या दोन आठवडे आधी तो भाग लागला. मोठी स्पर्धा, अंतिम फेरी. समोरचा राक्षस दमून कोसळायला आलेला. बोम्पूने नुसती फुंकर मारली असती तरी जिंकला असता. पण बोम्पूला त्या राक्षसाची दया आली. त्याने धावत जाऊन त्याला मिठी मारली आणि दोघेही मैदानाच्या बाहेर गडगडले. बोम्पू आधी पडला, म्हणून तो हरला.

“काय करायलाय हा!” सदाशिव उदगीरच्या बोलीत किंचाळला. एरवी तो मोशीचं मराठी बोलतो. त्याने खिशात हात घातला, टॅग काढला आणि दिव्या पोटभर हसत असताना सोफ्यावरच्या कापडी बोम्पूच्या मानेला बांधला. ‘नाव: बोम्पू. कारण: काम करत नाही. पुढे: भंगार.’ दिव्याला ती गंमत वाटली. मलाही वाटली. त्यालासुद्धा गंमतच वाटली होती.

पुढच्या आठवड्यात तो सेकंड शिफ्टला गेला, दिव्या शाळेत गेली आणि मिनलने घटस्थापनेआधीची साफसफाई काढली. आता यात मिनलचा दोष शोधू नका. तिला नवऱ्याने इतकी वर्षं घासूनपुसून तयार केलं होतं. लाल टॅग दिसला की वस्तू बाल्कनीत, आणि भंगारवाल्याची हाक आली की वस्तू खाली. टॅग वाचायचा असतो, विचार करायचा नसतो, हे त्यानेच शिकवलेलं. तिने जुनी बादली, तुटका पंखा आणि बोम्पू खाली नेऊन दिले.

दुपारी दिव्या शाळेतून आली आणि त्यानंतर जी किंकाळी आली ती ऐकून मी दाढीचा ब्रश हातात घेऊनच समोर धावलो. मिनल कपाळाला हात लावून उभी होती.

“अहो, टॅग होता त्याला. यांनीच लावला होता.”

दिव्या रडली नाही. तेच जास्त भयंकर होतं. ती म्हणाली, “पप्पांनी काढून टाकलं त्याला.” आणि गप्प झाली.

ती गप्पच राहिली. आईशी बोलायची, माझ्याशी बोलायची, सोसायटीच्या मांजराशी बोलायची. बापाशी नाही. जेवताना “आई, त्यांना सांग मीठ द्यायला” असं चालायचं. सदाशिवने नवा बोम्पू आणतो म्हटलं, तर तिने आईला सांगितलं, “त्यांना म्हणावं, नवा बोम्पू म्हणजे बोम्पू नाही.”

आणि मग एका सकाळी तो कंपनीच्या बसमध्ये चढला तेव्हा मागे हशा पिकला. विक्की नावाचा त्याच्या हाताखालचा एक तरुण इन्स्पेक्टर आहे. त्याने सदाशिवच्या पाठीवरून एक लाल टॅग सोडवला आणि अख्ख्या बसला वाचून दाखवला.

“नाव: पप्पा. कारण: काम करत नाहीत. पुढे: भंगार. साहेब, टॅगचा माल लाईनवर चालत नाही, तुम्ही बाजूला उभे राहा.”

“अक्षर कुणाचं रे?” मागून कुणीतरी विचारलं.

“साहेबांच्या साहेबांचं!”

सगळी बस हसली. सदाशिवही हसला म्हणे. संध्याकाळी मात्र तो माझ्याकडे येऊन बसला. टॅग घडी करून हातात धरला होता. आपल्याला ब्रेक मिळालाय आणि परत बोलावतील की नाही ते माहीत नाही, असं त्याचं तोंड झालं होतं. मी या माणसाला वर्षानुवर्षं चिडवत आलोय, पण त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही.

“शोधू या,” मी म्हणालो.

भंगारवाले बबनराव राजगुरुनगरकडचे, त्यांचं गोदाम चिखलीच्या बाजूला. ते मध्ये गावी गेले होते, फोन उचलत नव्हते. सापडले ते थेट खंडेनवमीला. त्या दिवशी चाकणमध्ये मशिनांची पूजा होते, हार घालतात, पेढे वाटतात आणि लवकर सोडतात. सदाशिव कपाळावर कुंकू घेऊन घरी आला आणि आम्ही निघालो. तो त्याच्या मोटरसायकलवर एकटा, आणि दिव्या माझ्या स्कूटरवर. बापाच्या मागे बसायला तिने साफ नकार दिला होता.

गोदामापाशी पोहोचलो आणि तिघेही जागच्या जागी थिजलो.

दारात बबनरावांचा छोटा हत्ती टेम्पो उभा होता. धुतलेला, पुसलेला, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. आणि समोर, अगदी मधोमध, तारेने पक्का बांधलेला बोम्पू! गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर हळदकुंकू, पुढ्यात फोडलेला नारळ. एक डोळा काळा, एक निळा. लाल टॅग अजून मानेला होता, पण त्यावर कुणीतरी बोटाने स्वस्तिक काढलं होतं.

“बबनराव,” सदाशिव म्हणाला, “हे आमचं आहे. चुकून आलं.”

“आसंल की. पोरीचं हाय म्हनल्यावर न्हाई म्हननार न्हाई,” बबनराव म्हणाले. “पन आज न्हाई. आज खंडेनवमी. पूजेला बसवलेलं आज हलवत न्हाईत. उद्या दसरा झाला की न्या.”

“याची पूजा कशाला केली?”

“आवो साहेब, गाडी माजी रोज बंद पडायची. ह्यो म्होरं बांधला त्या दिवसापास्नं एकदा बी पडली न्हाई. गावाला जाऊन आलो, घाट चढली पोरगी! तळेगाव चौकात कंटेनर आसा अंगावर आला, मी डोळं मिटलं. ह्यानं मिटलं न्हाईत.”

“त्याचा एक डोळा बटणाचा आहे,” मी म्हणालो.

“म्हनून तर!”

बोम्पू काम करत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सदाशिव तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याचा हात खिशाकडे जाऊन मध्येच थांबला.

दिव्या पुढे गेली. तिने हाराखाली हात घालून बोम्पूचं पोट दाबून पाहिलं. मग बबनरावांना विचारलं, “काका, गाडी परत बंद पडली तर याला काढणार?”

बबनरावांना तो प्रश्नच कळला नाही. “काढनार? का? पूजा केलीया न्हवं आता. आपला झाला त्यो.”

दिव्याने बोम्पूचा हार सरळ केला. मग मागे न वळताच म्हणाली, “पप्पा.”

सदाशिव असा दचकला की त्याची मोटरसायकल स्टँडवरून पडली.

“राहू दे त्याला इथेच. तो परमनंट झालाय.”

सदाशिवने मान फिरवली आणि केळीचा खुंट तपासू लागला. बराच वेळ तपासला. क्वालिटीचा माणूस. परत निघताना दिव्या त्याच्या मागे जाऊन बसली आणि मी रिकाम्या स्कूटरवर घरी आलो.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात मी त्यांच्या सोफ्यावर, टॅगची पर्वा न करता, बसलो होतो. दिव्या शाळेतून धापा टाकत आली.

“पप्पा, बोम्पू हरला! आमच्या व्हॅनमधून दिसलं. इंद्रायणीच्या पुलाच्या चढावर गाडी बंद! बबनकाका मागून ढकलत होते आणि बोम्पू पुढे नुसता बसला होता!”

सदाशिव ताडकन उठून बसला. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. हात गुडघ्यावरच होता.

“मग?” त्याने विचारलं. “अजून आहे ना पुढे?”

“आहे ना. नवीन हार पण घातलाय.”

“बरं,” सदाशिव म्हणाला आणि नीट मांडी घालून बसला. “आता सोमवारपासून सांग.”