उठून बसा बरं!

इंगोले सरांशी माझी ओळख एका स्टुलावरून झाली. भूलशास्त्रात एम.डी. करायला अमरावतीहून अकोल्याला गेले आणि पहिल्याच दिवशी वॉर्डातलं लोखंडी स्टूल ओढून ऐटीत बसले, तर सिस्टर म्हणाल्या, "अवं बाई, ते सरायचं हाये!" भूलतज्ज्ञांना वॉर्डात स्टूल कशाला? भूल उतरली की आपलं काम संपलं, अशी माझी पक्की समजूत होती.

सर माझे मार्गदर्शक, प्रबंधाचा विषयही त्यांनीच दिला. पाठीच्या मणक्यात भूल देताना सुई मधोमध घालावी की किंचित बाजूने, आणि कुठल्या पद्धतीत नंतर डोकेदुखी कमी होते, याची तुलना. मी रोज सकाळी खाटेशी उभी राहून मोठ्या आपुलकीने विचारायची, "डोकं दुखतं का?" सगळे पडल्यापडल्या म्हणायचे, "नाही जी, मस्त हाये." तक्ता तयार झाला. दोन्ही पद्धतींत डोकेदुखी नाहीच! आमची स्वारी खूश. प्रबंधाची मुदत महिन्यावर आली होती, घरी बाबांनी पेढ्यांचं सांगूनही ठेवलं होतं.

सरांनी तक्ता पाहिला, स्टूल उचललं आणि मला घेऊन वॉर्डात गेले. मूर्तिजापूरकडच्या एक मावशी होत्या, ऑपरेशनला दोन दिवस झालेल्या. सकाळीच त्यांच्या नावापुढे मी 'त्रास नाही' लिहिलं होतं. सरांनी शेजारी बसून कपाशीची, सुनेची चौकशी केली. मग म्हणाले, "माय, जरा उठून बसा बरं."

मावशी उठल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "डोक्सं फुटून राह्यलं जी! निजलं का थांबते."

"मंग सकाळी या बाईले काहून नाही सांगतलं?"

"इतक्या मायेनं इचारते लेकरू. तिले नाराज कायले कराव?"

ही डोकेदुखी उठून बसल्यावर होते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आणि विचारत होते झोपलेल्यांना! मावशींच्या औषधाचं, आरामाचं सांगून सर बाहेर आले. "तुहा प्रबंध डोकेदुखीवर नाही झाला बेटा. लोकायले तुहं किती कौतुक हाये, त्याच्यावर झाला."

मी तिथंच रडले. पुन्हा सुरुवात म्हणजे परीक्षा सहा महिने पुढे. सरांनी सही केली असती तर कोणी विचारलंही नसतं. त्यांनी विद्यापीठाला मुदतवाढीचं पत्र लिहिलं: 'देखरेखीत माझी कसूर झाली.' चूक माझी, नाव सरांचं! ते आठवलं की आजही मान खाली जाते. पुढचे सहा महिने ते रोज माझ्यासोबत वॉर्डात आले. दोन पद्धतींत फारसा फरक निघाला नाही, पण तक्ता खरा निघाला. आता अमरावतीत माझ्या हाताखालची मुलंही पेशंटला बसवल्याशिवाय विचारत नाहीत.

गेल्या वर्षी सरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल मीच द्यावी, हा त्यांचा हट्ट. मी मणक्यात सुई घालत होते, तरी सर गप्पा मारत होते. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर पडल्यापडल्या म्हणाले, "काही नाही बेटा, मस्त हाओ."

मी स्टूल ओढलं. "सर, उठून बसा बरं."

सर बसले, आणि हात कपाळाकडे गेलाच. मग ओशाळून हसले. "तुले वाईट वाटीन म्हनून नाही सांगतलं."

दोन दिवसांत डोकेदुखी थांबली. सर, पंच्याहत्तरी झाली, आता ठणठणीत तब्येतीनं शंभरी गाठा. आणि कुठं दुखलं तर आम्हांला सांगत जा. आम्ही नाराज होत नाही.