अक्काच्या टिपणावर झालेलं लग्न

सोनईहून घोडेगावपर्यंत बैलगाडी आणि घोडेगावाहून नगरची सर्व्हिस मोटार, हा माझा सासरी जायचा रस्ता. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली, चढ आला की माणसं उतरून चालायची. सासूबाई आणि हे पुढे जाऊन बसले होते. मला पोचवायला माझी थोरली बहीण, अक्का, घोडेगावपर्यंत आली होती. आमचे वडील नाना मात्र वेशीपाशीच थांबले. त्यांची नजर अधू झाली होती आणि रडताना कुणी पाहिलेलं त्यांना खपत नसे. गाडीवान म्हादबा वाटभर मला समजावत होता, "रडू नगा ताई. जबलपूर काय काळं पानी न्हाई. आठवन आली का बसायचं आगगाडीत आन् यायचं."

मोटारीत चढताना अक्काने माझी ओटी सावरली आणि कानाशी म्हणाली, "आजपासून तुझा जन्म मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचा, पहाटेचा. सासूबाईंनी झोपेतून उठवून विचारलं तरी हेच सांगायचं." मार्गशीर्ष शुद्ध पंचमी ही अक्काची जन्मतिथी. माझी वैशाखातली. मी मान डोलावली आणि आत जाऊन बसले.

अक्काच्या हाताखाली शिकलेल्या बायका आजही सोनईत आहेत. त्या मला पत्रातून विचारतात, आमच्या बाईंनी लग्न का केलं नाही? इतकी वर्षं मी "तिला शाळेचीच आवड" असं ठोकून दिलं. आता माझंही वय झालं. तेव्हा त्या बायकांसाठी आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांसाठी खरं काय ते सांगून टाकते.

नाना गावचे जोशी. पंचक्रोशीतले लोक यायचे, "जोशीबुवा, पोरीचं जमंल का बगा की," म्हणायचे. नाना पत्रिकेत असेल ते सांगायचे, गोड लागो नाही तर कडू. "ग्रह काय माझ्या घरी पाणी भरतात?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आई आम्ही लहान असतानाच गेली होती. नानांना दिसेनासं झालं तेव्हापासून ते तोंडी सांगायचे आणि अक्का लिहायची. लग्नासाठी स्थळाकडे पाठवायचं ते टिपण. त्यावर गोत्र, जन्मवेळ आणि कुंडली एवढंच. मुलीचं नाव घालायचं नाही, ते चार घरांतून फिरू नये म्हणून. नानांचा तसा दंडकच होता.

माझ्या कुंडलीत सप्तमात मंगळ. म्हणजे नवऱ्याच्या जिवावर. मला मंगळाचाच नवरा शोधावा लागणार, हे मी परकर नेसायला लागले तेव्हापासून घरात ठरलेलं. अक्का माझ्याहून दीडच वर्षाने मोठी, पण तिची पत्रिका धुतल्या तांदळासारखी.

भिंगारच्या छावणीत कारकून असलेल्या मुलाला अक्काचं टिपण गेलं, नगरच्या जोशाने जुळवलं, आणि मंडळी तिला बघायला आली. मुलगा, त्याची आई आणि त्याचा मावसभाऊ माधवराव. माधवराव नगरला मास्तर होते. अक्का पाटावर बसली, मी पोहे घेऊन गेले. मुलाने वर पाहिलं आणि पुन्हा काही खाली पाहिलं नाही. लाज सोडून सांगते, मला तो माणूस त्या क्षणी हवासा वाटला.

सासूबाईंचा स्वभाव रोखठोक. मुलगा आणि माधवराव ओट्यावर जाऊन बसले होते, त्यांच्याशी बोलून त्या एकट्याच आत आल्या आणि नानांना म्हणाल्या, "राग मानू नका. याच्या मनात धाकटी भरली आहे. तिचं टिपण द्या." नानांचा चेहरा पडला. माझं टिपण द्यायचं म्हणजे मंगळ दाखवायचा. मी ताटल्या गोळा करत तिथेच उभी होते.

अक्का पाटावरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुमच्याकडे आहे ते धाकटीचंच आहे. पाकिटं भरताना माझ्या हातून अदलाबदल झाली. माझ्यात मंगळ आहे."

सासूबाईंनी नानांकडे पाहिलं. दोन्ही लेकींच्या कुंडल्या नानांना तोंडपाठ होत्या. ते जरा वेळ उपरण्याचं टोक चाचपत बसले आणि म्हणाले, "झालं असेल. मला हल्ली दिसतंय कुठं." उभ्या जन्मात ते एवढं एकच खोटं बोलले. आणि मी? मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पुढे घरात तिघांपैकी कुणीही त्या दुपारचं नाव घेतलं नाही.

लग्नाआधीच ह्यांची जबलपूरला बदली झाली. तिथे एका लाल कौलांच्या क्वार्टरात आमचा संसार सुरू झाला. शेजारच्या मिश्राइनने मला सिगडी फुंकायला आणि भाजीला सब्जी म्हणायला शिकवलं. सहा महिन्यांत मी नळावर फर्राटेदार हिंदीत भांडू लागले. पण मार्गशीर्ष आला की मला ती पंचमी नकोशी व्हायची. पंचमीला सासूबाई पाट मांडून मला ओवाळायच्या, खीर करायच्या. अक्काच्या वाट्याचं औक्षण मी घ्यायची. निरांजनापलीकडे सासूबाईंचा चेहरा धूसर व्हायचा आणि अक्काच समोर उभी आहे असं वाटायचं. वैशाखातला माझा खरा वाढदिवस कुणालाच ठाऊक नव्हता. त्या दिवशी मी गुपचूप देवाला साखर ठेवायची.

आणि मंगळ होताच. हे दोनदा लागोपाठ खोकले तरी मी हातातलं काम टाकून ऐकत राहायची. मलेरियाने एकदा आठ दिवस पडले होते. ह्यांच्या उशाशी बसून मी त्या मंगळाला अहोजाहो करून विनवण्या केल्या. सासूबाई म्हणाल्या, "एवढी घाबरतेस काय? पत्रिकेत काही खोट नाही तुझ्या." मला ओरडून रडावंसं वाटलं.

दुसऱ्या वर्षी अक्काचं पत्र आलं. तिची अक्षरं नेहमी मोत्यांसारखी, पण ह्या पत्रात दोन ठिकाणी खाडाखोड होती. नानांच्या जुन्या पोथ्या बघायच्या निमित्ताने माधवराव महिन्यातून एकदा नगरहून सोनईला येत होते, हे मला ठाऊक होतं. आता त्यांनी सरळ विचारलं होतं. 'मला हो म्हणावंसं वाटतं, सुमे,' असं तिने लिहिलं होतं. 'पण त्यांच्या आईला टिपण हवं आहे. कोणतं देऊ?'

मी ते पत्र पटकन पदराखाली लपवलं. माधवरावांची आई म्हणजे माझ्या सासूबाईंची सख्खी बहीण. दोघींचा नगरचा जोशीही एकच. अक्काने आपलं खरं टिपण दिलं असतं तर त्याने लगेच ओळखलं असतं, की हेच मागे धाकटीचं म्हणून आलं होतं. मंगळाची मुलगी फसवून दिली म्हणून माहेरी परत पाठवलेली बाई मी पाहिली होती. मला पाचवा महिना चालू होता. आणि तिने माझं टिपण दिलं असतं, तर एकुलत्या एका मुलासाठी मंगळाची सून ती विधवा आई कधीच करणार नव्हती. माधवराव भला माणूस, पण आईच्या शब्दाबाहेर नव्हते.

मी तीन आठवडे उत्तरच दिलं नाही. मग चार पानं लिहिली. जबलपूरची थंडी, रेशनचे किडके गहू, मिश्राइनचं अचार, पोटात फिरणारं बाळ, सगळं लिहिलं. अक्काने विचारलं होतं त्याबद्दल एक अक्षर नाही.

दोन महिन्यांनी सासूबाईंच्या बहिणीचं कार्ड आलं. माधवचं जमत होतं ते फिसकटलं, मुलीला मंगळ निघाला. "बरं झालं, वेळीच कळलं. मला विचारलं असतं तर अक्काचा मंगळ मीच सांगितला असता," सासूबाई म्हणाल्या. मी पोळ्या लाटत होते, लाटतच राहिले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत, पण गाड्यांत सोल्जरांची गर्दी असते, ह्या सबबीवर मी गेले नाही. त्यानंतरही दर वर्षी काही ना काही निघालं. म्हादबा म्हणाला होता बसायचं आणि यायचं. ते काही मला जमलं नाही.

नाना गेल्याचं कळलं तेव्हा जावंच लागलं. स्वातंत्र्य आलं होतं, माझी कुसुम पाच वर्षांची झाली होती. अक्का तोवर मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली होती. माधवरावांचं लग्न होऊन गेलं होतं. तेराव्याची माणसं पांगल्यावर दुपारी आम्ही दोघी पडवीत बसलो. अक्का कुसुमची वेणी घालत होती. मी एकदाचं बोलले, "अक्का, त्या पत्राचं उत्तर मी दिलं नाही."

ती वेणी घालायची थांबली नाही. "तीन आठवडे मी रोज पोस्टात जाऊन विचारत होते," ती म्हणाली. "तुझा संसार मोडून मी कुठे सुखाने नांदणार होते गं? खरं टिपण मी देणारच नव्हते. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. 'अक्का, नको देऊस,' एवढं लिहिलं असतंस ना, तर मी हसत सोडलं असतं सगळं. पहिल्या वेळी मी आपणहून दिलं होतं. ह्या वेळी तू मागायला हवं होतंस, सुमे. तू मागितलं नाहीस, तू घेतलंस."

कुसुमला रिबन बांधून ती चहा टाकायला उठली. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी तिने आम्हाला वांग्याची भाजी आणि भाकरी करून वाढली, निघताना माझी ओटी भरली. तो विषय तिने मरेपर्यंत पुन्हा काढला नाही. मीही नाही.

ह्यांना आता एक्क्याऐंशी पूर्ण झाली. दात आहेत, चष्म्याशिवाय पेपर वाचतात, चहाला उशीर झाला तर आवाज चढतो. त्या मंगळाने ह्यांच्या केसालाही धक्का लावला नाही. त्याने काय नेलं ते अक्काचं नेलं, आणि ते मी त्याच्या हातात ठेवलं. हे लिहून झालं की आधी ह्यांनाच वाचून दाखवणार आहे. काय म्हणतील ते म्हणोत.

माहेर म्हणजे न मागता मिळतं ते घर, असं इथे परमुलखात जमलो की आम्ही मराठी बायका एकमेकींना सांगतो. मला आताशा ते म्हणवत नाही. सोनईचं नाव निघालं की मला ना घर दिसतं, ना अंगण. पोस्टाच्या पायरीवर अक्का उभी दिसते, चोवीस वर्षांचीच, आणि मी तिला अजून ती एक ओळ लिहिलेली नसते.