लालासाहेबानं बुजवलेली फट

मागल्या चातुर्मासात आमच्या चौक्यात महाराजांना अंतराय झाला, आणि तेव्हापासून मी स्वयंपाकघरातल्या त्या चिमणीवर डूख धरून होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे दिगंबर महाराज दिवसातनं एकदाच, उभं राहून, ओंजळीत आहार घेतात; त्यासाठी शुद्ध केलेलं स्वयंपाकघर म्हणजे चौका. घासात मेलेला किडा निघाला की तिथंच ओंजळ सोडतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही, हाच अंतराय. त्या दिवशी दारात उभी राहून मीच मोठ्यानं म्हटलं होतं, "आहार-जल शुद्ध आहे." आणि तिसऱ्याच घासाला काळा किडा. महाराज तसेच उन्हातनं बस्तीकडं, आमच्या मंदिराकडं, चालत गेले. त्यांच्या मागं बघत मी उंबऱ्यातच बसले. अष्ट्याहत्तर वर्षांत माझा शब्द इतक्या लवकर कधी खोटा पडला नव्हता.

किडा चिमणीतनंच पडला, याबद्दल मला शंका नव्हती. गॅसवरचा धूर ओढायला माझ्या लेकानं, भरतेशनं, ती हौसेनं बसवलेली. तिचा पाइप भिंतीत शिरतो तिथं बोटभर फट.

यंदा महाराज परत आष्ट्यात आले. मी भरतेशला म्हटलं, फट बुजल्याशिवाय चौका लावायचा नाही. त्यानं फटी-भेगा बुजवणाऱ्या लालासाहेबाला आणलं. उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस, पायात फौजी बूट. बूट दारात काढले, ते मात्र शिस्तीत, एकाला एक लावून. आत आला आणि अर्धा तास चिमणीखाली उभा राहून नुसता वर बघत राहिला.

"काय बघतोयस रं?"

"फट."

"ती मलाबी दिसतीया. लिंपून टाक की."

"आज न्हाई, अव्वा."

आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला तर मलाच म्हणतो, "जरा भाईर थांबता का? वारं लागाय नगं." माझ्या स्वयंपाकघरातनं मलाच बाहेर! आणि माझ्यानं कसलं वारं लागणार त्याला?

शेजारच्या रंगूबाईला विचारलं. तिच्याकडं गावातल्या प्रत्येकाची माहिती असते, नसली तर ती तयार करते. म्हणाली, "कोयनेकडचा हाय. फौजेत हुता. बायकोचं म्हायेर इथलं म्हणून आला. बायको वारली, तरी ह्यो इथंच. एकटाच असतो. लोकांच्या भिंतीला कान लावून बसतो म्हणं."

एवढं मला पुरेसं होतं. तो गेल्यावर मी स्टुलावर चढले. चिमणीच्या वरच्या कडेला, भिंतीलगत, पांढऱ्या पुडीची सारखी रेघ ओढलेली! इख. झुरळं मारायचं इख टाकलंय मेल्यानं, तेही माझ्या चौक्यात. जीव मारून शुद्ध केलेल्या जागेत मी काय तोंडानं महाराजांना उभं करू?

ओल्या फडक्यानं सगळं पुसलं आणि फडकं परड्यात पुरलं. कुणाला बोलले नाही. माणूस रंगेहाथ सापडला पाहिजे, असा माझा विचार.

तिसऱ्या दिवशी लालासाहेब बॅटरी घेऊन वर बघत राहिला. खाली उतरला. "हितलं कुणी पुसलं का, अव्वा?"

"कुठलं काय?" मी म्हटलं. खोटं बोलले. पण त्याच्या खोट्यापुढं माझं खोटं लहान, असं मनाला समजावलं.

त्यानं परत पूड टाकली. मी परत चढून पुसलं, आणि उतरायच्या आत सुनेनं, चंदनबालानं, मला स्टुलावर पकडलं.

"अव्वा! उतरा आदी! चातुर्मासात हाडं मोडून घेताय काय?"

"तो इख टाकतोय, इख!"

"मग त्याला इचारायचं, का माकडागत वर चढायचं?"

म्हणून चौथ्या दिवशी विचारलं. तो आत येतोय तोवरच. "खरं सांग लालासाहेब, माज्या चौक्यात इख टाकलंस?"

त्यानं पिशवीतनं डबी काढली, पुडीत बोट बुडवलं आणि स्वतःच्या दोन्ही गालांना फासलं. "शंखजिरं हाय, अव्वा. पोरं कॅरमवर टाकत्यात ते."

पांढऱ्या गालांचा तो फौजी बघून चंदनबालानं तोंडात पदर कोंबला.

"मग कशापायी टाकलंस?"

"पाय उमटाय. राजस्थानात हद्दीवर हुतो तवा सांजच्याला तारंच्या कडंनं वाळू सारकी करायचो. सकाळी पाय दिसायचं, कोण कुठनं आलं ते. मोटी फट दिसती म्हणून किडं तितनंच येत्यात असं नसतंय. पर तुमच्यात काल पायबी न्हाई, पूडबी न्हाई. म्हटलं, ह्या घरातलं किडं उडूनच येत्यात का काय!"

चंदनबालाला राहवेना. "उडून न्हाई, मामा. स्टुलावर चढून येत्यात."

तरी माझा संशय पुरता गेला नव्हता. गालाला लावायचं एक आणि भिंतीला दुसरं, असं असलं तर? म्हणून पूड माझ्यासमोर टाकायला लावली. सकाळी दोघांनी मिळून बघितलं. पुडीत दोऱ्यासारख्या बारीक बारीक वाटा उमटलेल्या. पाइपाजवळ एकही नाही. सगळ्या उजवीकडनं, विजेची वायर भिंतीतनं येते त्या भोकाकडनं. वर्षभर मी भलत्याच फटीला शिव्या दिल्या होत्या.

"आता लिंपतो," तो म्हणाला.

"थांब. आत जीव असतील, त्यास्नी जित्तं चिणशील."

"आतली बाजू बुजवतो. भाईरचं तोंड दोन दिस उगडं ठेवतो. जायाचं त्यास्नी जाऊ दे, मग जाळी मारतो."

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी खाट ओढून तिथंच बसले, अर्थात लक्ष ठेवायला. हात चालू लागल्यावर त्याचं तोंडही चालू लागलं.

"आमच्याकडं जमीन हालती. दर वक्ताला भितीला नवी भेग. ल्हानपणी आईसंगं शेणमाती घिऊन भेगा बुजवायचो. न्हाईतर पावसाळ्यात इंचू याचं घरात. फौजेत बंकर लिंपलं. आता ह्या चिमण्या."

"गावाकडं का जात न्हाईस?"

"पोरानं नवं घर बांदलंय. एक भेग न्हाई त्याला. म्या काय करू तितं?"

वायरीचं भोक बुजलं, मग पाइपाची फट, मग चारी कडांना सिलिकॉन. बोट पाण्यात बुडवून तो ते असं सारखं करत होता, जसं सून करंजीची कड दाबते. दोन दिवसांनी बाहेर जाळी बसली.

आहाराच्या दिवशी महाराज आमच्याच दारात थांबले. भरतेश आणि चंदनबाला कलश घेऊन, मी त्यांच्या मागं. म्हणायची वेळ आली. "मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध," आणि मी अडखळले. चार दिवस एका माणसाला मनात चोर ठरवून, वर त्याच्याशी खोटं बोललेली बाई मी. भरतेशनं मागं वळून बघितलं. मी मनातल्या मनात लालासाहेबाला हात जोडले आणि राहिलेलं म्हटलं, "आहार-जल शुद्ध आहे." आवाज मागल्या वर्षीपेक्षा पुष्कळच बारीक निघाला.

आहार निर्विघ्न झाला. महाराजांनी शेवटचं पाणी घेऊन ओंजळ सोडली. चंदनबालाचे डोळे भरून आले. "अव्वा, आमटी दोनदा घेतली. बघितलं न्हवं?"

मी बघितलंच नव्हतं. सगळा वेळ माझे डोळे वर, चिमणीच्या कडेला.

बाहेर आले तर लालासाहेब अंगणात खिडकीपाशी टाचा उंच करून उभा. महाराज गल्लीच्या टोकाला पोचले, लोक मागं धावले, आणि हा अजून खिडकीतनं वरच बघतोय.

"झालं की रं आता. न्हाई पडला किडा."

"व्हय. पर उजव्या कोपऱ्यात सिलिकॉन जरा पातळ वाटतंय मला. उद्या यिऊन बघतो."

माझ्या डोळ्यांनी तो कोपरा शंभरदा तपासला होता, त्यात काही खोट नव्हती. पण स्वतःच्या हाताचाही संशय धरणारा माणूस मला त्या घटकेला फार जवळचा वाटला.

"ये," म्हटलं, "सकाळी लवकर ये. मलाबी तसंच वाटतंय."