निवडलेला रक्तगट

स्पिरिटचा वास आला की सुरतेतली ती रक्तपेढी आठवते. रक्तदाते शोधायचं वेबपान नुकतंच सुरू झालं होतं आणि मी तिथं संगणक सांभाळत होते. एका बाळंतिणीसाठी सिस्टरनी ओ निगेटिव्ह गट निवडला, पण शहरातल्या कतारगाम भागात त्या गटाचा कोणी दाता नव्हता. त्यांनी फक्त भाग बदलून पुन्हा शोधलं, यादीतल्या दात्याला लावायला फोन उचलला आणि त्या थबकल्या. "अगं, गट आपोआप ए पॉझिटिव्ह झालाय!" एकदा शोधलं की पान निवडलेला गट विसरून यादीतल्या पहिल्या गटावर जात होतं. गट आणि भाग दोन्ही पुन्हा निवडल्यावर ओ निगेटिव्हचा दाता मिळाला. "पानाची दुरुस्ती सोमवारी बघू," आमचे साहेब म्हणाले. "नाही साहेब, आजच," म्हणून मी बसले, आणि गट जागचा हलेनासा झाला तेव्हाच उठले. आज हाताखालची मुलं विचारतात, "मॅडम, एवढ्याशा गोष्टीसाठी इतकी तपासणी?" मी त्यांना पुन्हा तपासायला लावते.