अराबा मावशीचं छप्पर

आमच्या अराबा मावशीच्या छपराला सात भोकं होती, आणि देशासाठी धावलेली ती आमच्या गावातली पहिली बाई होती. आमच्या सॉल्टपाँडमध्ये दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या आणि दोन्हींबद्दल कुणी काही केलं नव्हतं.

ती धावायला लागली तेव्हा पळणारी बाई दिसली की लोक विचारत, "काय चोरलंस गं?" पुढे ती लागोसला शंभर यार्डांची शर्यत जिंकून आली, तर तेच लोक म्हणाले, "पाय आमच्या घराण्याचे!" मग तिनं तीस वर्षं शाळेत पोरींना कवायत शिकवली आणि तिचं कौतुक करायचं सगळे विसरून गेले.

क्वान्सा मामा तिचा धाकटा भाऊ आणि घराण्याचा प्रमुख. तिनं छपराचा विषय काढला की तो म्हणे, "ताई, जरा धीर धर. तुझ्या मयताला पाहुणे येतील ना, तेव्हा सगळं घर नवं करू." तो हे अगदी प्रेमानं म्हणायचा. माणसापेक्षा मढ्यावर माया जास्त, अशी आमच्यात म्हणच आहे, आणि आम्ही ती मन लावून पाळतो.

जूनमध्ये मावशीनं अंथरूण धरलं. मला जवळ ओढून म्हणाली, "मी ठणठणीत आहे. तू फक्त रड."

मी रडले. पंधरा दिवसांत नवे पत्रे चढले, भिंती पिवळ्याधमक झाल्या, तिच्या फोटोची पोस्टरंसुद्धा छापून आली. मयताच्या तारखेची जागा तेवढी कोरी होती. सोळाव्या दिवशी मावशी उठली आणि मासे तळायला बसली.

मामा दारातच थिजला. "ताई! अगं, मग हे सगळं फुकटच गेलं की!"

"पिस्तूल वाजायच्या आधी पळणाऱ्याला शर्यतीतून बाद करतात, क्वान्सा. बस, मासा खा."

मग तिची नजर पोस्टरवर, फोटोखालच्या ओळींवर गेली. 'या मातीतली सर्वांत वेगवान लेक. गावाला तिचा अभिमान आहे.' तिनं ते दोनदा वाचलं. तीस वर्षांत हे कुणी तिच्या तोंडावर म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरले. मला मात्र सगळ्यांचा संताप आला.

"कुणी लिहिलं रे?"

"मीच," मामा खाली बघत पुटपुटला.

"मग मोठ्यानं वाच. मला ऐकू दे."

मामानं घसा खाकरला. पोस्टरवर सगळ्यात वर, पहिलाच शब्द 'दिवंगत' होता. तो त्यानं गिळला आणि वाचायला लागला.