एका भुलीत दोन कामं नाहीत

मुलुंडचे डॉक्टर सबनीस पेशंटच्या गुडघ्याला लगेच हात लावत नसत. आधीच्या ऑपरेशनचे एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरायचे, तोंडात पान नसताना पान चघळल्यासारखं करायचे आणि विचारायचे, "भांडण कोणाशी आहे? गुडघ्याशी, की आधीच्या डॉक्टरशी?"

"दोघांशी," मी म्हणालो.

भांडुपला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. हातगाडीवर कड्या-कोयंडे विकून उभं केलेलं. दुकानातल्या शिडीवरून पडलो आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. एका काचेच्या हॉस्पिटलात नवीन बसवून घेतलं. तिथे लॉबीत पियानो वाजत होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. वर्षभरात तेही गेलं. जिना उतरताना गुडघा दगा द्यायचा. त्यात मुलीचं, प्राचीचं, लग्न वैशाखात ठरलेलं. तिच्या वरातीत बापाने खुर्चीत बसायचं? मला नाचायचं होतं.

सबनीसांनी एक्स-रेवर बोट ठेवलं. "मांडीच्या हाडातलं भोक चुकीच्या जागी पाडलंय. त्यातून ओवलेल्या दोरीवर, म्हणजे नव्या लिगामेंटवर, भलता ताण आला, ती तुटली. भोकही रुंदावलंय."

"म्हणजे त्याने माझी वाट लावली! तसं लिहून द्या."

"दिसतं ते लिहीन. 'वाट लावली' हा शब्द आमच्या रिपोर्टात बसत नाही."

तो राग अजून गेलेला नाही. पण तेव्हा मला घाई होती. "मग नवीन टाका. जाड."

"आधी भोकांत हाडाचा चुरा भरायचा. तो पक्का व्हायला काही महिने जाऊ द्यायचे. मग नवी दोरी, नव्या जागी."

"दोन्ही एका भुलीत उरका ना, डॉक्टर. नाहीतर दुसऱ्याकडे जावं लागेल मला."

"सावंत, बिजागरीचं भोक सैल झालं तर गिऱ्हाइकाला काय सांगता?"

"भोकात लाकडाची गुट्टी ठोका, चिकटवा, सुकू द्या, मग स्क्रू..." माझ्या तोंडून निघून गेलं. शेजारी बसलेली बायको फिस्सकन हसली. माझ्या दुकानात कुठल्या गिऱ्हाइकानेही मला असं गप्प केलं नव्हतं.

मी तडक अंधेरीचा डॉक्टर गाठला. तो एक्स-रे पाकिटात परत घालता घालता म्हणाला, "होऊन जाईल एकदमच. झकास नाचाल!"

परतताना रिक्षात मी एक्स-रेचं पाकीट उलटसुलट करत बसलो. बायको म्हणाली, "आता काय झालं? हवं तेच मिळालं ना?"

"पहिल्या शब्दाला उतरला गं. पहिल्या शब्दाला उतरतो, त्याचा माल खराब असतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलुंड. सबनीसांनी साधं "का आलात?" असंही विचारलं नाही. एवढं नमल्यावर काहीतरी सुटलं पाहिजे म्हणून मी अडून बसलो, की नवी दोरी चांगल्या पायातून काढायची नाही. पहिली याच पायाच्या मांडीमागून काढलेली होती. त्यांनी एक्स-रे पुन्हा खिडकीशी नेले, पान चघळल्यासारखं केलं, मग म्हणाले, "बरं. याच गुडघ्याच्या वाटीवरची घेऊ." मी खूश. पुढे त्यांच्या असिस्टंटने सांगितलं, की ते आधीपासून तेच ठरवून होते. असला व्यापारी मी मशीद बंदरच्या घाऊक बाजारातही पाहिला नाही.

लग्न दोन ऑपरेशनांच्या मधेच आलं. मी पट्टा बांधून खुर्चीत बसलो. प्राची शालू सावरत माझ्याभोवती नाचली आणि म्हणाली, "बाबा, हात तरी वर करा ना!" मी केले. सबनीस आइस्क्रीम खात उभे होते. माझ्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघत होते. ताल धरायला गुडघा जरा हलला, तर तिथूनच बोट उगारलं.

दुसरं ऑपरेशन झालं. महिनोन्‌महिने त्यांनी व्यायाम करून घेतला, रोज माझ्या शिव्या ऐकल्या आणि एकदाही आवाज चढवला नाही.

गेल्या वर्षी ते गेले. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, जिना अरुंद. मी खांदा द्यायला पुढे झालो तसा त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही नको. तुमचा गुडघा..."

"त्यांच्याच हातचा आहे रे," मी म्हणालो आणि तिरडी उचलली.

पहिल्याच वळणावर पुढचे दोघे घाई करायला लागले. मी अख्खी बिल्डिंग ऐकेल असा ओरडलो, "ए, सावकाश! कोणाला काय गाडी पकडायचीय?"